विषारी सापांची वीण, वंश आणि शाळेचा जून महिना

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील व्याख्यान)



जून महिन्याच्या मध्यास रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर दोन घटना एकाच वेळी घडतात. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळेची घंटा पुन्हा वाजू लागते आणि उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांतील मुले बांधावरून, पाणंदीतून व वाड्यांच्या कडेने शाळेची वाट चालू लागतात. त्याच सुमारास घोणस आणि फुरसे या दोन विषारी सापांच्या नवजात पिल्लांचा भूमीवर संचार सुरू होतो. ही गाठ योगायोगाने पडलेली नाही. पावसाबरोबर बेडूक, सरडे, उंदीर यांची रेलचेल होते आणि ज्या पिल्लांना जन्मताच स्वतःचे भक्ष्य स्वतः शोधावे लागते, त्यांच्यासाठी हाच काळ सर्वांत अनुकूल असतो. शाळेचे वर्ष आणि सापाचे वर्ष अशा रीतीने पर्जन्याच्या एकाच धाग्यात ओवलेले आहे.

म्हणून सापांची वीण कशी होते व त्यांचा वंश कसा घडत आला, हा विषय केवळ प्राणिशास्त्रज्ञांचा नव्हे. तो खेड्यातील शिक्षकाच्याही नित्य कामाचा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते आणि मृतांपैकी चतुर्थांशाहून अधिक जण पंधरा वर्षांखालील मुले होती. ही मुले ज्या वयाची, त्याच वयाच्या मुलांची हजेरी शिक्षक रोज घेत असतो.

अंडज की जरायुज?

प्राचीन भारतीय वर्गीकरणात प्राण्यांचे अंडज, जरायुज असे भेद केलेले आढळतात. अंड्यातून निपजणारा तो अंडज आणि वेष्टनासह मातेच्या उदरातून जन्मणारा तो जरायुज. साप सामान्यतः अंडजांत गणला गेला. परंतु निसर्ग माणसाने आखलेल्या रेषा पाळत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर नित्य आढळणारे चार प्रमुख विषारी साप घेतले, तर त्यांपैकी नाग व मण्यार हे अंडी घालतात, आणि घोणस व फुरसे थेट पिल्लांना जन्म देतात.

नागाची मादी साधारणतः एप्रिल ते जुलै या काळात वारुळात, उंदराच्या बिळात किंवा पाल्यापाचोळ्याच्या उबेत दहा ते तीस अंडी घालते. पन्नास ते सत्तर दिवसांच्या सुमारास ती उबतात. सापाच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे ठिसूळ नसून चिवट कातड्यासारखे असते. आतील पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी एक सूक्ष्म दात असतो. त्या दाताने कवच चिरून पिल्लू बाहेर येते आणि पुढे थोड्याच काळात तो दात गळून पडतो. मण्यारीची मादी आठ ते बारा अंडी घालते व ती उबेपर्यंत त्यांच्यापाशी राहते.

घोणशीची रीत निराळी. तिच्या उदरातील अंड्यांना कठीण कवच येतच नाही. पातळ पडद्यात गुंडाळलेले गर्भ मातेच्या देहातच वाढतात, त्यांना श्वासासाठी लागणारा प्राणवायू मातेच्या रक्तातून मिळतो आणि सहा महिन्यांहून अधिक काळ गर्भ वाहिल्यावर ती पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले ही सामान्य गोष्ट असून पासष्ट पिल्लांचीही नोंद आहे. जन्मतः पिल्लू वीतभर असते. पिल्ले मे ते नोव्हेंबर या काळात केव्हाही जन्मू शकतात, तथापि त्यांचा भर जून-जुलैमध्ये असतो. फुरसे आकाराने लहान, त्यामुळे त्याची पिल्लेही मोजकी, तीन ते पंधराच्या आसपास. ती बहुधा एप्रिल ते ऑगस्ट या काळात जन्मतात व लांबीने जेमतेम चार बोटांच्या रुंदीची दुप्पट भरतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "पिल्ले घालतो तो विषारी, अंडी घालतो तो बिनविषारी" असे काही ठिकाणी मानले जाते. मांडूळ पिल्ले घालते, पण त्याला विष नाही. धामण अंडी घालते व तिलाही विष नाही. नाग अंडी घालतो, आणि त्याच्या विषाविषयी काही सांगावयास नको. सारांश, वीण हा विषाचा निकष नव्हे.

मातेची माया आणि पिल्लाचे विष

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. विंचवी आपली पिल्ले खरोखरच काही दिवस पाठीवर वागवते. सापाच्या घरात हे दृश्य नाही. घोणशीचे पिल्लू जन्मल्यापासून एकटे असते. त्याला भरवणारे कोणी नाही, शिकवणारे कोणी नाही आणि रक्षण करणारेही कोणी नाही. एवढ्या निराधार जीवाला निसर्गाने एकच शिदोरी बांधून दिलेली असते, ती म्हणजे जन्मतः सज्ज असलेले विषदंत व विषग्रंथी.

हीच गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावयाची आहे. समजा, पहिल्या पावसानंतर चौथीतील एखादा धीट मुलगा काचेच्या बाटलीत करंगळीएवढा साप घेऊन वर्गात आला आणि म्हणाला, "गुरुजी, पिल्लू आहे, याला अजून विष आलेले नाही." त्या क्षणी शिक्षकाच्या ज्ञानाची परीक्षा होते. फुरशाचे किंवा घोणशीचे पिल्लू जन्मल्या दिवसापासून दंश करू शकते आणि त्या दंशाला प्रौढ सापाच्या दंशाप्रमाणेच रुग्णालयातील उपचार लागतात. याच्या उलट टोकाचाही एक समज आहे. पिल्लाला विष आवरता येत नाही, म्हणून ते मोठ्या सापाहून घातक, असे काही जण सांगतात. त्यालाही आधार नाही. मोठ्या सापाच्या ग्रंथीत विष पुष्कळच अधिक असते. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे: पिल्लू लहान, विष थोडे, परंतु धोका खरा.

ज्यांनी अंडी मोजली

ही माहिती आकाशातून पडलेली नाही. ती चिकाटीने जमविणाऱ्या माणसांचा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. या संस्थेच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी वैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. वॉल यांच्याकडे लोक मारलेले साप आणून देत. ते प्रत्येक मादीचे उदर उघडून अंडी किंवा गर्भ मोजीत, त्यांची वाढ मापीत आणि तारीख टिपून ठेवीत. कोणत्या महिन्यात कोणत्या सापाच्या पोटात काय आढळले, एवढ्या साध्या नोंदींतून सापांच्या विणीचे पंचांग तयार झाले. मृत सापही व्यर्थ जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती.

मुंबईत परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव आहे. सापाचे विष व त्यावरील प्रतिविष यांचे कार्य महाराष्ट्रात या संस्थेने वाढविले. तेथील डॉ. पी. जे. देवरस यांनी भारतीय सापांवर लिहिलेला सुबोध इंग्रजी ग्रंथ नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली प्रकाशित केला. पुढे १९८६ साली पुण्यात कात्रज येथे नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नांतून सर्पोद्यान उभे राहिले आणि शाळकरी मुलांना साप शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची सोय झाली.

या जिल्ह्यालाही अशा संशोधनाचा मान आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशावरील त्यांचे कार्य जगभर मान्य झाले. सर्पदंशाच्या रुग्णांच्या नोंदीही त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडसारख्या छोट्या गावी राहून काटेकोरपणे ठेवल्या व त्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. मोठी प्रयोगशाळा नसली तरी चालते. समोर घडणारी गोष्ट रोज प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, हा संशोधनाचा पाया आहे. तो पाया कोणत्याही द्विशिक्षकी शाळेत घालता येतो.

सापाचा वंश

सापांचे पूर्वज सरड्यांच्या कुळातील पायांचे प्राणी होते. लक्षावधी पिढ्यांच्या ओघात त्यांचे पाय आखूड होत होत नाहीसे झाले. सापांच्या प्राचीनतेचा एक विलक्षण पुरावा गुजरातमध्ये मिळाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांचे एक जीवाश्मरूप घरटे सापडले. त्यातच एका सापाचा सांगाडा असल्याचे पुढे ध्यानात आले आणि २०१० साली 'सनाजे इंडिकस' या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी साडेतीन मीटर लांबीचा हा साप नुकत्याच अंड्याबाहेर आलेल्या डायनोसॉरच्या पिल्लाशेजारी वेटोळे घालून असतानाच मातीखाली गाडला गेला होता. तो विषारी नव्हता. विषाचे हत्यार सापांच्या वंशात नंतर पाजळले गेले.

रायगडातील प्रमुख विषारी साप दोन कुळांत विभागले जातात. घोणस, फुरसे व डोंगराळ झाडीतील हिरवा चापडा हे एका कुळातील. यांचे विषदंत लांब असून तोंड मिटताना ते चाकूच्या पात्यासारखे मागे दुमडतात. नाग, मण्यार आणि समुद्रसर्प हे दुसऱ्या कुळातील. यांचे विषदंत आखूड व पुढे ताठ बसविलेले असतात.

विष आले कोठून? प्राण्याच्या शरीरात अन्नपचनासाठी, रक्त गोठण्यासाठी व इतर नित्य व्यवहारांसाठी निरनिराळी प्रथिने असतात. पिढ्यांच्या ओघात अशा एखाद्या प्रथिनाच्या जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार होते. पहिली प्रत आपले जुने काम करीत राहते, तर दुसरी मोकळी असते. तिच्यात झालेला एखादा बदल भक्ष्य मारण्यास उपयोगी पडला, तर तो साप अधिक जगतो, त्याची पिल्ले अधिक होतात आणि तो बदल वंशात टिकून राहतो. सापाच्या विषातील काही घटक स्वादुपिंडातील पाचकरसाच्या घटकांशी नाते सांगतात, ते यामुळेच. २०२० साली भारतीय नागाच्या जनुकसंचाचे सविस्तर वाचन प्रसिद्ध झाले. त्यात विषघटकांशी संबंधित १३९ जनुके आढळली व त्यांपैकी १९ केवळ विषग्रंथीतच कार्य करणारी ठरली.

जे वापरले जात नाही ते क्षीण होते, हा या कथेचा दुसरा भाग. आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात एक समुद्रसर्प केवळ माशांची अंडी खाऊन राहतो. अंड्यांना ठार मारण्याची गरज नसते. परिणामी त्याचे विष अत्यंत सौम्य झाले आहे आणि विषदंतही खुरटले आहेत.

वीणही अशीच बदलत जाते. सरडे व साप यांच्या वंशवृक्षात अंडी घालण्याची रीत सुटून पिल्ले घालण्याची रीत स्वतंत्रपणे शंभराहून अधिक वेळा उदयास आली, असे अभ्यासक सांगतात. फुरशाचे उदाहरण घ्यावे. कोकणातील फुरसे पिल्ले घालते, पण आफ्रिकेतील त्याच्या काही भावंड-जाती आजही अंडी घालतात. एकाच घराण्यात या दोन रीती नांदतात. अंडी उदरातच ठेवल्याने मातेला उन्हात पडून गर्भाला ऊब देता येते, थंडी, ओल व अंडी खाणारे शत्रू यांपासून त्यांचे रक्षण होते. मात्र त्याची किंमतही तिलाच मोजावी लागते. गरोदर मादी जड व मंद होते आणि शत्रूच्या सहज तावडीत सापडते.

समुद्रात गेलेली नागाची भावंडे

किनाऱ्यावरील शिक्षकांना समुद्रसर्प अपरिचित नाहीत. कोळीवाड्यातील मुलांनी ते जाळ्यात आलेले पाहिलेले असतात. चपट्या वल्ह्यासारखी शेपटी ही त्यांची ओळख. ते श्वास घेण्यासाठी पाण्यावर येतात, कारण त्यांना कल्ले नसून फुप्फुस असते.

सापाचे अंडे पाण्याखाली जगू शकत नाही, कारण आतील गर्भ गुदमरतो. मग साप समुद्राचा रहिवासी झाला कसा? अंदमानच्या किनाऱ्यावरील समुद्री मण्यार अंडी घालण्यासाठी आजही जमिनीवर येते. परंतु कोकणच्या जाळ्यांत सापडणारे खरे समुद्रसर्प कधीच जमिनीवर येत नाहीत. ते समुद्रातच पिल्लांना जन्म देतात. त्यांचे सर्वांत जवळचे आप्त ऑस्ट्रेलियातील पिल्ले घालणारे भूचर साप आहेत, असे जनुकीय अभ्यासाने दाखविले आहे. अर्थात पिल्ले घालण्याची रीत त्यांच्या पूर्वजांनी जमिनीवरच आत्मसात केली होती. त्या रीतीमुळे समुद्राचे दार त्यांना उघडे झाले.

चोचीचा समुद्रसर्प हा या किनाऱ्यावरील विशेष विषारी साप. शिंगाळ्यासारखे मासे हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. आशियाच्या व ऑस्ट्रेलियाच्या समुद्रांतील चोचीचे साप एकाच जातीचे, असे दीर्घकाळ मानले जात होते. श्रीलंकेचे संशोधक कनिष्क उकुवेला व त्यांचे सहकारी यांनी जनुके तपासली, तेव्हा २०१३ च्या सुमारास निराळेच सत्य बाहेर आले. या दोन स्वतंत्र जाती असून त्या परस्परांच्या निकटच्याही नाहीत. सारखे भक्ष्य व सारखी परिस्थिती यांमुळे दोघांना सारखे रूप आले. दिसण्यावरून नाते ठरवू नये, हा धडा यातून मिळतो.

दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी सिंधुदुर्ग किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांत येणारे समुद्रसर्प मोजले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, या शतकाच्या आरंभी जी जात जाळ्यात अधिक येत असे ती मागे पडून चोचीच्या सापाचे प्रमाण वाढलेले दिसते, आणि या बदलामागे मासेमारीचा हात असावा. पिल्ले घालणारा साप माशाप्रमाणे लाखो अंडी सोडीत नाही. त्याची भर मोजकीच असते, आणि जाळ्यात मेलेली एक गरोदर मादी म्हणजे त्या वर्षीचे एक पूर्ण कुटुंब गेले असे समजावे.

एकच जाती, निरनिराळे विष

या संशोधनाचा रुग्णशय्येशी थेट संबंध आहे. भारतातील प्रतिविष घोड्याला अल्प मात्रेत विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिघटकांपासून बनवितात. ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. त्यासाठी लागणारे विष मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुळ आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. परंतु उत्क्रांती प्रत्येक प्रदेशात आपापल्या वाटेने चालते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर व सहकारी यांनी एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, असे दाखवून दिले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले गेले. कोरड्या प्रदेशांतील घोणशींच्या विषात प्रथिने विघटित करणारा गुण अधिक दिसून आला. म्हणून प्रदेशानुरूप प्रतिविष बनविण्याचा विचार पुढे येत आहे.

चापडा व समुद्रसर्प यांच्या विषासाठी मात्र हे प्रतिविष बनविलेले नाही. तरीही त्यांच्या दंशानंतर रुग्णालय टाळणे घातक होय. श्वास चालू ठेवणे, मूत्रपिंडे सांभाळणे व इतर उपचार तेथेच होतात.

शिक्षकाचे कर्तव्य

"साप साप म्हणून भुई धोपटणे" हा शिक्षणाचा मार्ग नव्हे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने बक्षीस लावून फुरशी हजारोंच्या संख्येने मारविली, तथापि फुरसे आजही कोकणच्या जांभ्याखाली नांदत आहे. मारण्याने प्रश्न सुटत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षणही दिले आहे. भाताच्या कणग्या उंदरांपासून वाचविण्यात धामण व नाग यांचा वाटा मोठा आहे. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिल्या की "नाग-धामणीचे लग्न" म्हणून लोक जमतात. वस्तुतः ते दोन नरांचे बलप्रदर्शन असते. धामण ही नागाची मादी नव्हे. धामणीत नर-मादी असतात, तसेच नागातही असतात. असा एक समज मुलाच्या मनातून गेला, तरी तासाचे सार्थक झाले म्हणावे.

शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी शाळेची खोली, कौलांचा ढीग, शालेय पोषण आहाराचे सरपण, शौचालयाच्या कडा व पाण्याच्या टाकीभोवतीची जागा स्वच्छ करून घ्यावी. सरपण भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच रचावे. धान्य बंद डब्यात ठेवावे, कारण धान्यामागे उंदीर व उंदरामागे साप येतो. मुलांनी दगड उलथू नये, बिळात हात घालू नये, भाताच्या पेंढ्यात अनवाणी खेळू नये. रात्री बाहेर पडताना विजेरी व पायात पादत्राण असावे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंथरुणाच्या कडा आत खोचून मच्छरदाणी लावावी, कारण मण्यार रात्री घरात शिरते. कोळीवाड्यातील मुलांनी जाळ्यातील साप हाताने न काढता मोठ्या माणसांना सांगावे.

मण्यारीच्या दंशाविषयी शिक्षकाने विशेष जागरूक असावे. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. झोपलेल्या मुलाला तो कळतही नाही. सकाळी पोटात दुखते, ओकारी येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. असे मूल प्रार्थनेच्या वेळी पेंगत असेल, तर "जागरण झाले असेल" म्हणून त्याला बाकावर निजविणे प्राणघातक ठरू शकते. पापण्या वर उचलता येत नाहीत आणि पोटात दुखते, असे दिसताच शंका घ्यावी व मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दंश झाल्यास मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये. दंश झालेला अवयव लाकडी पट्टीला बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवावा. अंगठी, कडे, पैंजण काढावे. करकचून दोरी बांधू नये, जखम चिरू नये, चोखू नये, बर्फ किंवा जडीबुटी लावू नये. साप मारण्यात वेळ घालवू नये, कारण सापाची ओळख पटली नाही तरी लक्षणांवरून उपचार होतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व ती येण्यास विलंब होत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. मांत्रिकाचा मार्ग गावकऱ्यांच्या श्रद्धेशी जोडलेला असतो. तेथे वाद घालण्यापेक्षा "आधी रुग्णालय, मग मंत्र" एवढे पटविले तरी पुष्कळ झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले. भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. आराखडा दिल्लीत ठरला तरी त्याची खरी कसोटी बांधावरच्या वाटेवर लागणार आहे, आणि त्या वाटेच्या एका टोकाला शाळा आहे.

वर्गासाठी एक लहान उपक्रम सुचविण्याजोगा आहे. फळ्याच्या एका कोपऱ्यात बारा महिन्यांचा तक्ता आखावा. त्यात भाताची लावणी, कापणी, बेडकांचे ओरडणे, नागपंचमी, आणि गावातील मोठ्या माणसांकडून ऐकलेल्या सापांच्या नोंदी मुलांनी लिहाव्यात. सापाजवळ जाऊ नये. ऐकावे, दुरून पाहावे व टिपावे. दोन-तीन वर्षांत त्या गावाचे स्वतःचे सर्पपंचांग तयार होईल. वॉल यांनी एकेक मृत साप उघडून जे केले, तेच काम जिवंत सापाला न दुखविता व स्वतःला धोका न पत्करता मुले करतील.

सापाच्या पिल्लाला शिकविणारे कोणी नसते. जन्मतः जे मिळाले, त्यावरच त्याला जगावे लागते. माणसाच्या पिल्लाचे तसे नाही. त्याला सांगणारे, सावध करणारे व हात धरून नेणारे कोणीतरी असते, आणि किनाऱ्यावरील अनेक घरांत ते काम शाळेवर सोपविलेले असते. येत्या जूनमध्ये पहिल्या दिवशी पुस्तके वाटण्यापूर्वी पंधरा मिनिटे या विषयाला द्यावीत. तो तास वेळापत्रकात नसला तरी हजेरीपटातील प्रत्येक नाव वर्षअखेरपर्यंत त्यावर राहावे, यासाठी तो आवश्यक आहे.